निलंग्याच्या माळावरची खरपुडी

"मॅडम, या गवतापायी मी काम थांबवू का?" बिराजदार साहेबांचा आवाज चढला होता. ते रोजगार हमीचे इंजिनिअर. मी लातूरच्या कॉलेजात बॉटनी शिकवायचे. जिल्हा नवा, दुष्काळ जुना. निलंग्याजवळच्या माळावर त्यांचे मजूर रस्त्यासाठी मुरूम खोदत होते.

त्या मुरमात खरपुडी पडलेली. नाजूक वेल, फूल कंदिलासारखं. दर पावसाळ्यात आम्ही पोरांना दाखवायचो. आज मात्र ती कुदळीनं मुळासकट वर आली होती, आणि मूळ बघून मी ती उचलूनच घेतली. खरपुडीला एकच गोल कंद असतो, कांद्याएवढा. हिला बोटांसारख्या मुळ्यांचा झुपका!

"साहेब, ही जातच वेगळी आहे. फक्त एवढ्याच उतारावर आहे. खोदलं तर संपली. काम पलीकडं हलवा."

"हलवतो की. पण वर कागद दाखवावा लागतो. सोमवारपर्यंत आणा, न्हाई तर खोदणार. लोकं पोटासाठी आलेत, मॅडम."

कॉलेजात आमच्या विभागाचे हेड सर हसले. "अहो, खरपुडीच हाय ती. सगळ्या पुस्तकांत हाय. उगं हसं करून घेऊ नका."

माझं डोकंच फिरलं. माळावरची एक वेल आणि नेहमीच्या खरपुडीची एक, दोन्ही मातीसकट तेलाच्या रिकाम्या डब्यात घातल्या अन् एसटीनं पुण्याचं हर्बेरियम गाठलं.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं संग्रहालय. तिथं मला एमएस्सीला शिकवलेल्या बाई होत्या. त्यांनी आमच्या भागातले जुने नमुने काढले. एकालाही मूळ नाही! फुगीर मूळ कागदात नीट दाबलं जात नाही, म्हणून सगळ्यांनी ते कापून फेकलेलं. दाबून वाळवल्यावर दोन्हींची फुलं सारखीच दिसतात. वा रे आम्ही शहाणे!

बाईंनी ताजं फूल ब्लेडनं उभं चिरलं, मायक्रोस्कोपखाली धरलं.

"ये, बघ. आतले केससुद्धा वेगळे. नवी जात आहे गं ही!"

मी तिथंच टाळी वाजवली. लाज वाटली नाही.

सोमवारी बाईंचं पत्र बिराजदारांच्या टेबलावर आपटलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"नाव काय ठेवणार?"

"निलंग्याचं."

"मी निलंग्याचाच हाय! आधी न्हाई का सांगायचं?"

काम त्याच दिवशी पलीकडं हललं. कुणाची हजेरी बुडाली नाही. पुढं त्या उताराला तारेचं कुंपणही बिराजदारांनीच घातलं, आणि हेड सर पाहुण्यांना तिथं घेऊन जायला लागले.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. झाडाचं मात्र शोधावं. कुदळ सरकारी असली तरी चालते.