आत्यानं जोडलेली लाइन

आत्या माणसं ओळखायची ती त्यांनी तोंड उघडण्याच्या आधी. फोन उचलला की ती "हॅलो" म्हणत नसे. क्षणभर थांबायची, पलीकडचा श्वास ऐकायची आणि थेट विषयालाच हात घालायची. "बोल बाई, धापा कावून टाकून राहिली? जिना चढून आली का?" मी खरोखरच जिना चढून आलेली असायचे. तीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये हेडफोन लावून बसलेल्या बाईचे ते कान होते. कॅम्प-1 या कामगार वस्तीपासून सेक्टरमधल्या क्वार्टरांपर्यंत सगळे तिला 'एक्सचेंजवाली आत्या' म्हणत, अगदी तिच्याच वयाची माणसंसुद्धा.

आजोबा भंडाऱ्याकडून भिलाईत आले ते प्लांट उभा राहत असताना. कॅम्प-1 मधल्या दोन खोल्यांत चार भावंडं वाढली. आत्या त्यांतली धाकटी आणि घराण्यातली पहिली मॅट्रिक. लग्न तिनं केलं नाही. कारण विचारलं की म्हणायची, "कोनाच्या शिफ्टसोबत माही शिफ्ट जमली नाई." मी सात वर्षांची असताना आई गेली. बाबांच्या तिन्ही पाळ्या. तेव्हा आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आली आणि दादाला नि मला तिनं वाढवलं. पुढे निवृत्त होताना तिनं प्लांटनं तिच्या नावावर दिलेलं क्वार्टर लीजवर घेतलं, अंगणात सीताफळ लावलं. दादा नोकरीसाठी नागपूरला गेला, मी लग्न होऊन दुर्गला. बाबा गेल्यावरही आत्या तिथेच राहिली.

नंबर तिनं कधी लिहून ठेवले नाहीत. "लिवलं का डोकं आळशी होते," असं तिचं मत. एकदा ऐकलेला आकडा तिच्या डोक्यात बसायचा तो कायमचा, आणि गंमत म्हणजे सांगणाऱ्याच्या आवाजासकट बसायचा. कुणाचा नंबर विचारला, तर ती तो त्या माणसाच्या चालीवर म्हणून दाखवायची. कॅन्टीनच्या मॅनेजरचा नंबर ती नाकात बोलून सांगायची. आम्ही हसून लोळायचो, पण नंबर एकदाही चुकला नाही.

मात्र ऐकलेलं बोलणं तिनं कधी बाहेर आणलं नाही. सगळ्या सेक्टरची गुपितं त्या कानांतून गेली असणार. शेजारणी चहाच्या निमित्तानं येऊन खोदून बघत. आत्या म्हणायची, "मी लाइन जोडत होती, बाई. पोथी वाचत नव्हती." एकच गोष्ट ती आपणहून सांगायची. एका कामगाराची बायको दवाखान्यात बाळंत झाली होती आणि तो कोणत्या विभागात कामावर आहे हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आत्यानं एकामागून एक सहा ठिकाणी फोन लावून त्याला शोधून काढलं. तो मशीनच्या आवाजात ओरडत होता, "क्या हुआ? क्या हुआ?" आत्या सांगायची, "म्या त्याले तीनदा सांगतलं, लडकी हुई है. चौथ्यांदा मलेच रडू आलं."

अशा बाईचे डोळे जावेत. काचबिंदू होता, आणि तिनं तो दीड-दोन वर्षं कुणाला कळू दिला नाही. क्वार्टरचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता, माणसं आवाजावरून ओळखता येत होती, मग कळणार कसं? एका संध्याकाळी मी फाटकाशी उभी राहून न बोलता हात हलवला. ती ओसरीवर माझ्याकडेच तोंड करून बसली होती. तिनं हात हलवला नाही. मी अजून हलवत राहिले. ती तशीच. तेव्हा मला कळलं, तिला दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. उरलेली म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक. तेव्हापासून मी शाळेतलं शिकवणं संपलं की रोज दुर्गहून तिच्याकडे जाऊ लागले. सकाळी शेजारच्या साहू काकी डोकावत. दादा रोज फोनवर एकच वाक्य बोले, "तिला नागपूरला आण." त्याचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. आत्या म्हणायची, "तिथं मले दार कोनतं अन् भिंत कोनती, हे शिकता शिकता मी मरून जाईन."

मग ते पलंगाखालचं प्रकरण झालं. एका दुपारी आत्याचा मोबाइल हातातून पडला आणि पलंगाखाली सरकला. ती शोधायला खाली बसली, खांदा पलंगाच्या कडेला लागला आणि तिला उठताच येईना. मोबाइल वाजत होता, कारण मीच फोन करत होते, आणि तिचा हात पोचत नव्हता. मी वर्ग सोडून धावत गेले. दोन तास ती फरशीवर बसून होती. मला म्हणाली, "अठरा वेळा वाजला. मी मोजून राहिली होती."

दादाला ते सांगावंच लागलं. तो शांतपणे म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन येतो. तिचे कपडे भरून ठेव." त्याचं काही चुकलं नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, "त्यांना बोलणारा स्पीकर घेऊन दे. बटणं दाबायला नकोत, नुसतं बोलायचं. विजेला लावून घरातल्या वायफायला जोडला की झालं. गाणी लावतो, वेळ सांगतो, सांगितलं तर फोनही लावतो." शुक्रवारी मी तो आणला. वाटीएवढा गोल, वर कापडाचं आवरण. आत्यानं तो दोन्ही हातांत धरून फिरवला, कानाशी नेला आणि विचारलं, "याचा रिसीव्हर कुठी हाय?"

शनिवारी सकाळी मी तो जोडायला बसले. घरात वायफाय होतं. दादानं मागे दोन महिने इथे राहून काम केलं होतं, तेव्हा घेतलेलं. पासवर्डची चिठ्ठी त्याच्या अक्षरात राउटरच्या डब्याच्या मागे चिकटवलेली होती. सोपं काम, असं मला वाटलं. फोनवर स्पीकरचं अ‍ॅप घेतलं, वायफायचं नाव निवडलं, चिठ्ठीतला पासवर्ड टाकला. स्पीकरवर केशरी उजेड गोल फिरला आणि विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. चार वेळा, पाच वेळा. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "चिठ्ठीत आहे तोच. मला कुठे आता आठवतोय! नाही झालं तर राहू दे गं. उद्या येतोच आहे मी." त्या 'राहू दे'नं माझे डोळे भरून आले. डबा रीसेट करावा तर इंटरनेटच बंद पडायचं, आणि जोडून देणारा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता.

आत्या पलंगावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "तू रडून राहिली का?"

"नाही."

"मंग नाक पूस अन् मले सांग, काय टाकून राहिली तू. एक एक अक्षर मोठ्यानं बोल. घाई नको करू. घाई करनाऱ्याची लाइन कटते."

मी वाचू लागले. शेवटाकडे आले आणि म्हणाले, "...शून्य, चार, शून्य."

"थांब. पहिला शून्य नोहे. ओ हाय."

"चिठ्ठीत दोन्ही गोलच आहेत, आत्या."

"चिठ्ठीले काय समजते? तुह्या दादानं वायफायच्या मेकॅनिकले सांगतलं तवा मी इथंच होती. तो म्हनला, 'ओ, फोर, जीरो.' पहिला ओ, मंगचा जीरो." आणि तिनं ते दादाच्याच आवाजात, त्याच्यासारखं घशातून म्हणून दाखवलं.

मी ओ टाकला. केशरी उजेड फिरला, फिरत राहिला, आणि स्पीकरमधून पहिल्यांदाच दोन सुरांची घंटी वाजली. मी टाळीच वाजवली. तेवढ्यात उजेड परत विझला.

आता मात्र माझा धीर सुटला. मी म्हणाले, "नाही होत आत्या. खराबच आहे हे."

ती मान तिरपी करून बसली होती. एक्सचेंजच्या बोर्डवर ती अशीच बसत असेल. "खराब नाई. अगोदर तो चूप होता, आता बोलला. पन बोलता बोलता तुटला. लाइन लागून राहिली अन् सुटून राहिली. म्हंजे नंबर बरोबर हाय, रस्ता चुकीचा हाय. दुसरा रस्ता दिसते का?"

मी फोन पाहिला. घरच्या वायफायची खरंच दोन नावं दिसत होती. एकापुढे पाचचा आकडा होता, एक साधं. वर होतं म्हणून मी पाचचं घेतलं होतं. स्पीकरच्या खोक्यातलं पत्रक आता कुठे उघडून वाचलं. पाचचं वेगवान, पण भिंतीपलीकडे कमजोर. साधं हळू, पण लांबवर पोचणारं. डबा होता बाहेरच्या खोलीत, आणि स्पीकर आत, आत्याच्या उशाशी. मधे प्लांटच्या जमान्यातली जाडजूड भिंत. मी तिला हे समजावून सांगितलं.

"मंग विचार कायचा करून राहिली? मले वेग घेऊन काय करायचं हाय? ट्रक चालवाचा हाय का मले? लांब जाते ते लाव."

मी साधं नाव निवडलं. ओ, चार, शून्य. दोघीही श्वास रोखून बसलो. घंटी वाजली, उजेड निळा झाला आणि टिकला. स्पीकरमधल्या बाईनं स्पष्ट हिंदीत सांगितलं की आता ती तयार आहे. आत्यानं पदर सारखा केला, ताठ बसली आणि तीस वर्षांच्या सवयीनं उत्तर दिलं, "जी, धन्यवाद." मला हसू आवरेना, आणि हसता हसताच हुंदका आला. तिनं चाचपडत माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, "झालं न आता? चहा मांड."

दुपारभर मी सगळ्यांचे नंबर अ‍ॅपमध्ये भरले. अर्थातच ते आत्यानंच तोंडी सांगितले.

रविवारी दादा आला. त्याची गाडी फाटकाशी थांबली. मी ओसरीवर होते. तो उतरला, मागची मोठी रिकामी सूटकेस काढली, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो उचलला. त्याचा चेहरा गोंधळला. आतल्या खोलीतून आणि त्याच्या फोनमधून एकच आवाज येत होता, "फाटक हळू लाव रे बाबू. बिजागरी निंगाली हाय." दादा सूटकेस हातात धरून तसाच उभा राहिला. मग पायरीवर बसला. बराच वेळ फोन कानालाच लावून बसला होता, दोघांत दहा पावलांचं अंतर असताना. काय बोलले मला ठाऊक नाही. मी मुद्दाम सीताफळाकडे गेले होते.

संध्याकाळी तो एकटाच परतला. सूटकेस आत्यानं सीताफळांनी भरून दिली होती.

त्यानंतर आत्या तीन वर्षं त्याच घरात राहिली. सकाळी स्पीकरवर बुद्धवंदना, दुपारी हिंदी गाणी, संध्याकाळी बातम्या. ती त्या यंत्राशी 'आप' म्हणूनच बोलायची, मधे बोललेलं मात्र खपवून घेत नसे. "पहले हमारी बात पूरी होने दीजिए," असं तिनं सुनावलेलं मी स्वतः ऐकलं आहे. साहू काकी दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायच्या. वीज गेली तरी आत्या घाबरत नसे. "एक्सचेंज बंद हाय. चालू होईल," म्हणत शेंगा सोलत बसायची.

गेली तीही धडपड न करता. एका सकाळी तिनं स्पीकरकडून मला फोन लावून घेतला. म्हणाली, "आज जमलं तर येशील. थोडा ताप हाय." मी अर्ध्या तासात पोचले, दादा संध्याकाळपर्यंत. दवाखान्यात ती दोन दिवस होती, पूर्ण शुद्धीवर. आम्हा दोघांशी बोलली, साहू काकींची चौकशी केली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेत गेली.

पण मला आठवतो तो त्याआधीच्या हिवाळ्यातला एक साधा गुरुवार. शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले होते. ओल्या हरभऱ्याची जुडी मधे ठेवून आम्ही दोघी ओसरीवर सोलत होतो. ती म्हणाली, "तुले एक सांगू? पहिले तू रोज यायची, पन मले पाह्याले नाई, तपासाले यायची. पहिले गॅस पाहायची, मंग नळ, मंग औषधाची डबी. मी आपली शेवटी. आता येऊन बसून राहते."

हरभरा संपेपर्यंत मी बसले. निघताना तिनं नेहमीसारखं "जय भीम" म्हटलं आणि मी गाडी सुरू केली. अर्धा रस्ता पार झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आज मी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. गॅस बंद होता की चालू, मला माहीत नव्हतं. परत वळावं असं काही मला वाटलं नाही.