मानपत्रातून गळलेला मोर्चा

मंडळी, आपली पाळीपाळीने लिहायची फिरती वही आज माझ्याकडे आली आहे, म्हणून आजचंच लिहितो.

धर्माचे नवे कैवारी भाऊसाहेब निवडणुकीला उभे राहताहेत. परवा नाशकात त्यांचा सत्कार आहे आणि संस्कृत मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सकाळी त्यांच्या कार्याची यादी घेऊन आला कोण? सातपूरच्या रंगाच्या कारखान्याचा अधिकारी, कारखान्याच्याच गाडीतून!

यादीत गोपूजन होतं, यज्ञ होते. मी विचारलं, "साहेब, तुमच्या काळ्या पाण्याविरुद्ध भाऊसाहेबांनी मोर्चा काढला होता, तो कुठंय?"

"गुरुजी, ते जुनं झालं. राहू द्या."

"पाणी अजून काळंच आहे की! आमच्या वाडीच्या विहिरीत उतरतंय."

"तुम्ही आपले श्लोकांचं बघा," तो हसला.

त्या मोर्चानंतर भाऊसाहेब एकाएकी गप्प का झाले, याचा अंदाज मला गाडी पाहूनच आला होता.

श्लोकांचं बघितलं. तिसऱ्या श्लोकात मोर्चा, विहीर आणि काळं पाणी व्यवस्थित बसवलं. दुपारी त्याने संस्कृतचा गंध नसताना मसुदा चाळला, "वा, काय भारदस्त!" म्हणाला आणि छापायला घेऊन गेला.

परवा भाऊसाहेब ते मानपत्र मान डोलावत ऐकतील. तेव्हा तुमच्यापैकी कुणी भर सभेत उठून मराठी अर्थ विचारेल का? सांगायला मी तयार आहे.