गल्लीला नाव माशाचं

रस्त्याला माणसाचं नाव देऊ नये, हे तत्त्व आयुष्यभर पाळणारा सगळ्या आखातात एकच माणूस असेल, आणि तो रास अल खैरच्या कॅम्पात माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. सगळे त्यांना काका म्हणत. तरुणपणी ते शिष्यवृत्ती मिळवून पूर्व युरोपातल्या एका कम्युनिस्ट देशात इंजिनियरिंग शिकायला गेले. शेवटच्या वर्षी तिथली सत्ता कोसळली आणि रस्त्यांना दिलेली पुढाऱ्यांची नावं भराभर बदलू लागली. तोंडी परीक्षेला निघालेल्या काकांना जुनी पाटी सापडेना आणि नवं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ते तासभर उशिरा पोचले, तर परीक्षकच वाट चुकून त्यांच्या मागून आले. "माणूस कधी पडेल सांगता येत नाही," काका म्हणत. "मासा पडत नाही."

आमच्या कॅम्पात गल्ल्यांना नुसते नंबर होते. काकांनी भंगारातल्या पत्र्यावर रंगानं नावं लिहून पाट्या लावल्या: सुरमई, पापलेट, हलवा, बोंबील. निम्मा कॅम्प रत्नागिरीकडचा, त्यामुळे नावं दोन दिवसांत रुळली. बोंबील गल्लीतले वेल्डर तेवढे नाराज. गावी बायकोला पत्ता काय सांगायचा, म्हणून त्यांनी सह्यांचा अर्ज दिला. एकदा बदलायला लागलं की थांबत नाही, आपण डोळ्यांनी पाहिलंय, असं सांगून काकांनी तो फेटाळला आणि समजूत काढायला रोज संध्याकाळी त्याच गल्लीत जाऊन चहा प्यायला सुरुवात केली.

मग एका दुपारी तिथल्या फिटरच्या छातीत कळ आली. सोबत्यानं फोनवर बोंबील गल्ली एवढंच सांगितलं आणि मराठी पाट्या वाचता न येणारा इजिप्तचा ड्रायव्हर ॲम्ब्युलन्स घेऊन वीस मिनिटं कॅम्पात फिरत राहिला. कळ पित्ताची निघाली. पण मी सेफ्टी विभागात, रिपोर्ट मलाच लिहायचा होता. पाट्या काढाव्यात, असं लिहिलं. त्या कुणी लावल्या, या रकान्यात लिहिलं, अज्ञात व्यक्ती. काकांची नोकरी वाचावी म्हणून, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे, त्या अज्ञात व्यक्तीच्या ताटाशेजारी माझं ताट रोज असतं, हे साहेबाला कळू नये एवढीच धास्ती होती.

पाट्या काकांनी स्वतः काढल्या. शिडी धरायला मला बोलावलं. शेवटच्या पाटीपाशी मला राहवेना.

"काका, तो रिपोर्ट मी लिहिला."

"माहितेय. वाचला मी," वरून ते म्हणाले. "बरोबर लिहिलंत. उद्या कुणाचा जीव गेला असता. फक्त ते अज्ञात नको होतं. मला नाव होतं की हो."

पुढच्या महिन्यात ते कायमचे घरी गेले. रिपोर्टात त्यांचं नाव घालावं, असा अर्ज मी दोनदा केला. बंद झालेल्या रिपोर्टात नाव बदलता येत नाही, असं साहेब म्हणतो. तिसरा अर्ज मी आज लिहायला घेतलाय.