पितळी पाटीचं वजन

पुन्हा वजन केलं. काटा पुन्हा शंभर ग्रॅमच्या वरच. उपग्रह उद्या सकाळी बलूनसोबत वर जाणार होता आणि शाळांसाठीच्या या उपक्रमाच्या आयोजकांचा नियम साधा होता: शंभरच्या वर गेलात तर खालीच राहा.

उपग्रह म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. हातात मावेल एवढा डबा. आत बॅटरी, तपमान मोजणारा सेन्सर आणि ते खाली कळवणारा छोटा ट्रान्समीटर. बलून त्याला विमानांच्याही वर नेतो, मग फुटतो, आणि डबा पॅराशूटनं खाली येतो. मोताळ्याच्या एका हायस्कूलमधल्या नववीच्या पाच मुलींनी तो बनवला होता. मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली इंजिनिअर, त्यांची मेंटॉर. म्हणजे सोल्डरिंग त्यांनी करायचं आणि ‘चटका बसेल गं’ एवढं मी म्हणायचं.

डिझाइनमध्ये वजन बरोबर होतं. मग वाढलं कशानं? डबा उलटा केला. खाली चार स्क्रूंनी पक्की बसवलेली पितळी पाटी. ‘सौजन्य: श्री. वामनराव, माजी सभापती, धामणगाव बढे.’

आमच्याकडे शाळेच्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, पण असतं. सगळं सामान वामनरावांनी घेऊन दिलेलं. मुलींनी रीतीप्रमाणे पाटी ठोकली. यात मॅडमला काय विचारायचं?

मी चिडले. पाटी काढा म्हटलं. टीमची लीडर पूजा जागची हलेना. वामनराव उद्या गाडीभर पाहुणे घेऊन येणार होते. गुपचूप काढली, तर पुढच्या वर्षी या मुलींना दारात कोण उभं करणार? ती भीती मलाही होतीच. शेवटी वामनरावांना, म्हणजे सगळ्यांच्या आबाजींना, फोन केला. ते लगेच आले, इस्त्रीच्या कपड्यांत.

“पाटी काढली तं लोकाइले कसं समजन, कोनं देलं?”

“आबाजी, वर वाचाले कोन हाय?” पूजा म्हणाली.

“फोटो तं खालीच निंगते ना, बाई.”

मुद्दा बिनतोड होता. पूजा मात्र लॅपटॉप उघडून बसली.

“तुमचं नाव रेडिओनं पाठवतो, आबाजी. दर खेपेले पयले तुमचं नाव, मंग तपमान. त्याले वजन नाई लागत.”

आबाजींचा चेहरा उजळला. “आन माजी सभापती?”

इथं मला बोलावं लागलं. उपग्रह एका दमात जो निरोप पाठवतो त्याला पॅकेट म्हणतात आणि त्यात ठरावीकच अक्षरं मावतात. सभापती घेतले तर तपमान बाहेर राहील. आबाजींनी बराच विचार केला.

“राहू द्या मंग,” ते म्हणाले. खुर्ची गेल्यावरही न सुटलेलं पद त्यांनी त्या संध्याकाळी सोडलं.

दुसऱ्या दिवशी आयोजकांच्या काट्यावर डबा पास झाला. बलून सुटला. स्क्रीनवर ओळी येऊ लागल्या आणि मुली मोठ्यानं वाचू लागल्या. वामनराव, उणे बारा. वामनराव, उणे तीस. वामनराव, उणे साठ. आबाजी पाहुण्यांना मागे सारून पुढे आले.

“मी आता कुठं हावो?”

“विमानाच्या वर, आबाजी.”

ते खुर्चीत बसले आणि रुमालानं डोळे पुसले. माझेही ओले झाले होते, पण मी ऊन फार आहे म्हटलं.

डेटा उत्तम आला. तालुक्यात मात्र बातमी एवढीच पोचली की वामनराव आभाळात जाऊन आले. उपग्रहाचं कुणी नावही घेत नाही. मुलींना याचं काही वाटत नाही. पुढच्या उपग्रहाचं सामान आलंय. नोकरीतल्या इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं ते मी इथं शिकले: देणगीदाराचं नाव कधी काढू नये, हलकं करावं.