आवाज बसला त्या दिवशी

मी भर उपासनेत, डोळे मिटून, दोन्ही हात वर करून, माझ्या मित्राचं गुपित देवाला मोठ्याने सांगितलं. देवाला ते आधीपासून ठाऊक होतं. मंडळीला नव्हतं.

जालन्यात माझं मोटार वायंडिंगचं छोटं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. तीस वर्षं हेच चाललं आहे. सगळे मला मिस्त्री म्हणतात, चर्चमध्येसुद्धा. आणि चर्चमध्ये माझ्या प्रार्थनेची ख्याती होती, मुख्यतः लांबीमुळे. पाळकसाहेब कधी ‘मिस्त्री, प्रार्थनेत चालवा’ म्हणाले की मागच्या बाकावरच्या बाया लेकरांना आधीच बाहेर नेऊन आणायच्या. मला वाटायचं, हे सगळं आपल्या आत्मिक प्रौढतेचं लक्षण आहे. माणूस विश्वासात जितका वाढतो तितकं त्याला बोलायला जास्त सुचतं, अशी माझी पक्की समजूत होती.

दानियल आमच्या भजनात ढोलकी वाजवायचा आणि रविवारी लेकरांचा वर्ग घ्यायचा. माझा बालपणापासूनचा मित्र. दीड वर्षापूर्वी त्याची बायको सारा गेली. त्यानंतरही त्याने एक रविवार चुकवला नाही, म्हणून मंडळीत त्याचं फार कौतुक होतं. एका दुपारी दुकानात चहा पिताना तो कपाकडे बघत म्हणाला, “मिस्त्री, तुला म्हणून सांगतो. सारा गेली तशी मला प्रार्थनाच येत न्हाई. समदे डोळे मिटतात, मीबी मिटतो. नुसते ओठ हलवून राह्यलो.” मी त्याचा खांदा दाबला आणि लगेच विश्वासाविषयी वीस-पंचवीस मिनिटं बोललो. त्याचा चहा गार झाला. जाताना तो म्हणाला, “कोणाला बोलू नको.”

मी कोणाला बोललो नाही. देवाला बोललो.

त्या महिन्यात मंडळीत नवे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, निवडायचे होते, आणि आपली निवड व्हावी असं मला फार वाटत होतं, हेही इथे कबूल केलेलं बरं. त्या रविवारी प्रार्थना माझ्याकडे आली. सुरुवातीला देशासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी मागणं झालं. मग माझ्या आवाजाला कंप आला. बायांकडून ‘हो प्रभू’, ‘हो बापा’ येऊ लागलं, आणि ते जसं वाढलं तसा मी चढत गेलो. “प्रभू, आमचे बंधू दानियल! आमच्या सारावहिनी गेल्यापासून त्यांना प्रार्थना येत नाही, बापा! ते नुसते ओठ हलवतात, नुसते ओठ! त्यांना विश्वासात वाढव!” एवढा मोठा आमेन मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. डोळे उघडले तेव्हा ढोलकी चटईवर आडवी पडली होती आणि तिच्यामागे कोणी नव्हतं.

खरं सांगतो, तरी अर्धा तास मी खूश होतो. एका वडिलांनी माझा हात हातात घेऊन ‘मिस्त्री, दुसऱ्यांसाठी काय तुमची तळमळ!’ असं म्हटलंसुद्धा. घरी जाताना बायकोने विचारलं, “दानियलभावजींनी हे तुम्हाला कुठं सांगितलं?”

“दुकानावर.”

“समद्यांसमोर?”

“न्हाई, एकट्याला.”

तिने पदर सारखा केला आणि माझ्या चार पावलं पुढे चालू लागली. तिथे माझा अर्धा तास संपला.

दोन दिवसांनी कळलं की दानियल घराला कुलूप लावून टेंभुर्णीला, बहिणीकडे निघून गेला आहे. पुढच्या रविवारी भजन ढोलकीशिवाय झालं. टाळ्यांवर गायलो, आणि टाळ्याही एकीकडे, गाणं दुसरीकडे. लेकरांचा वर्ग भरला नाही. बाहेर चपला घालताना कोणीतरी म्हणालं, “गेला ते बरं झालं. ज्याला स्वतःला प्रार्थना येत नाही, तो आपल्या लेकरांना काय शिकवणार?” बोलणाऱ्याचा चेहरा मला आठवत नाही. वाक्य मात्र माझं होतं. मीच ते त्याच्या तोंडात घातलं होतं.

मग माझी जी तगमग सुरू झाली ती सांगता येत नाही. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते आठवत नसे. प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द तर धो धो यायचे, पण ते कोणाच्या तरी घरातून चोरून आणलेल्या भांड्यांसारखे वाजायचे. दानियलला मी मोबाईलवर सात मिनिटांचा क्षमेचा संदेश बोलून पाठवला. त्याने तो उघडलाच नाही. मी दुसरा पाठवला, पहिला ऐकण्याची विनंती करणारा. मग तीन दिवसांचा उपास धरला आणि तो धरल्याचं चार जणांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँडजवळ भज्यांचा घाणा निघाला आणि मी पुडा हातात घेतला, तेव्हा त्या चारांपैकी एक जण तिथेच उभा होता. दुकानातही लक्ष नव्हतं. एका शेतकऱ्याची मोटार भरून दिली, ती त्याने विहिरीवर बसवली, मोटार छान गुणगुणू लागली, पण पाणी म्हणावं तसं चढेना. जाऊन पाहिलं तर मी तारांची टोकं उलटी काढून दिली होती. मोटार सगळी ताकद लावून उलटी फिरत होती. दोन वायरींची अदलाबदल केली आणि पाइपातून जोराचं पाणी आलं. शेतकरी हसला. मी त्या धारेकडे बघत उभा राहिलो. एवढी वर्षं माझा आवाज तरी किती छान येत होता.

त्या संध्याकाळी मी पुन्हा मोठ्याने प्रार्थनेला बसलो, ‘प्रभू, दानियलचं मन वळव’ इथवर आलो, तोच बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “देवाला कशाला सांगून राह्यले? तुम्ही काय त्याचं गुपित फोडलंय? ज्याचं फोडलं त्याच्याकडे जा ना मंग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली. मार्च लागला होता, वाटेने रस्त्याचं काम चाललेलं, पुढच्या ट्रकने उडवलेली धूळ सरळ तोंडात. तरीही मी वाटभर क्षमेची तालीम करत होतो, आणि तीही मोठ्याने, कारण मनातल्या मनात बोलायची मला सवय नव्हती. पहिला मसुदा फार छोटा वाटला. दुसऱ्यात तीन शास्त्रवचनं घातली. तिसऱ्यात रडायचं कुठे तेही ठरवलं. राजूर मागे टाकेपर्यंत भाषण तयार झालं आणि घसा खरखरू लागला. थोडं पुढे मागचं चाक बसलं.

गाडी ढकलत अर्धा-एक किलोमीटर गेलो तेव्हा लिंबाखाली पंक्चरचं दुकान दिसलं. पांढऱ्या दाढीचे एक चाचा टायरवर बसले होते. मी ‘चाचा, पंक्चर’ म्हणायला तोंड उघडलं, तर आतून दार करकरल्यासारखं काहीतरी निघालं. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

“क्या हुआ भाई? आवाज किधर गया?” चाचांनी विचारलं. मी गळ्याकडे बोट केलं. त्यांनी चाक खोललं, मग खिशातल्या डबीतून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्या हातावर ठेवली. “मेरे खोकल्याकी है. चघळो. और शाम तक मुंह बंद. बिलकुल बंद, समजे?” मी मान हलवली, मग घाबरून पुढच्या रस्त्याकडे हात केला, की मला तिकडे जायचं आहे, बोलायचं आहे. ते कसं सांगावं ते सुचेना, म्हणून दोन्ही कान पकडून दाखवले.

चाचा हसले. “माफी मांगने जा रहे?” त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, त्यावर अंगठा ठेवला. “उसको आवाज काहेको लगता?”

ते दुकान तिथे बऱ्याच वर्षांपासून असणार, चाचा रोज तिथेच बसत असणार, आणि त्या रस्त्यावर पंक्चर झालेला मी काही पहिला नव्हतो. तेव्हा त्यांना माझ्यासाठी कोणी पाठवलं होतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की तीस वर्षांत माझ्यापुढे इतका छोटा संदेश कोणी दिला नव्हता, आणि मी तो मध्येच न तोडता ऐकला होता.

टेंभुर्णीच्या बाहेर दानियलच्या बहिणीचं, रूथअक्काचं शेत आहे. शे-दीडशे मोसंबीची झाडं. दानियल विहिरीच्या काठावर होता; मोटार बंद पडली म्हणून ती वर ओढायची खटपट चालली होती. मला बघून त्याचा चेहरा दगडासारखा झाला. “आलास? बोल मंग. त्याच्यासाठीच आल्ता ना?”

मी तोंड उघडलं. हवा. गळ्याकडे बोट केलं. त्याला वाटलं मी सोंग करतोय. जरा वेळ त्याने माझ्या धडपडीकडे पाहिलं, मग माझ्या हातात दोराचं टोक दिलं आणि म्हणाला, “ओढ.”

आम्ही ओढू लागलो. त्याने मारलेली गाठ मला साफ चुकीची दिसत होती. हा माझा धंदा! दुसरा दिवस असता तर मी गाठींवर प्रवचन दिलं असतं. पण सांगता येईना, म्हणून नुसताच ओढत राहिलो, आता सुटते, मग सुटते असं मनात म्हणत. मोटार वर आली. गाठ सुटली नव्हती.

सावलीत बसून मी मोटार खोलू लागलो आणि तो बोलू लागला. आधी शिव्या दिल्या, त्या मला पाहिजेच होत्या. मग थांबून थांबून बाकीचं आलं. सारा आजारी होती तेव्हा त्याने इतकी प्रार्थना केली होती, की ती गेल्यावर उरलीच नाही. रविवारी लेकरं त्याच्याभोवती हात जोडून बसायची तेव्हाच काय ते त्याला बरं वाटायचं. “तेवढंच होतं माझ्यापाशी,” तो म्हणाला, “तेबी तू नेलं.” माझ्या डोक्यात उत्तरांची रांग लागली होती. एकही बाहेर पडू शकलं नाही. आणि उत्तरं देता येत नाहीत म्हटल्यावर मला पहिल्यांदा समोर बसलेला माणूस दिसला. तो वाळला होता. शर्टाचं वरचं बटण साराने लावायला घेऊन अर्धवट सोडलं असावं तसं लोंबत होतं. त्या चहाच्या दिवशीही ते लोंबत असणार.

जेवायला बसलो. आमच्या घरांत पाहुण्याने प्रार्थना केल्याशिवाय कोणी तुकडा मोडत नाही. रूथअक्काने भाकरी, पिठलं, ठेचा वाढला, पदर डोक्यावर घेतला आणि सवयीने म्हणाली, “करा मिस्त्रीभाऊ. जरा आवरतं घ्या, भूक लागलीया.”

मी डोळे मिटले, तोंड उघडलं. काही नाही. ओठ हलले, नुसते ओठ. आणि त्या क्षणी मला कळलं की दीड वर्षं दानियल कुठे बसला होता. सगळ्यांच्या मध्ये, जेवण समोर, तोंड उघडं, आणि आत काही नाही. मी डोळे उघडले. तो माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं आता हसेल. तो हसला नाही.

“मंग कोण करतंय?” अक्का डोळे मिटलेलीच म्हणाली. “भाकर गार होऊन राह्यली.”

मी मान खाली घातली. मग दानियलचा आवाज आला, गंजलेला, माझ्यापेक्षाही खरखरीत. “बापा. भाकर दिली.” थांबला. “ह्यालाबी दिली.” पुन्हा थांबला. “आमेन.”

अक्काने डोळे उघडून भावाकडे पाहिलं, त्याच्या ताटात आणखी पिठलं वाढलं, आणि पदराने नाक पुसलं. मी रडलो. तिसऱ्या मसुद्यात ठरवलेल्या ठिकाणी नाही, ठेच्यावर.

निघताना घशात जेवढा जीव होता तेवढा गोळा करून मी एकच शब्द काढला, “चुकलो.” दानियल म्हणाला, “हं.” त्याने गाडीच्या मागच्या चाकाला पाय लावून हवा बघितली. बस, एवढंच.

आवाज चार दिवसांनी आला. आधी पाळकसाहेबांकडे गेलो, आणि पुढच्या रविवारी, प्रार्थनेत नव्हे, डोळे उघडे ठेवून, मी काय केलं ते मंडळीला सांगितलं. वडिलांच्या यादीतून माझं नाव काढा, अशीही पाळकसाहेबांना विनंती केली. ते जरा अवघडले. म्हणाले, “मिस्त्री, तुमचं नाव यादीत नव्हतंच.”

दानियल पाच-सहा आठवड्यांनी परतला. ढोलकीला त्याने अजून हात लावलेला नाही, पण लेकरांचा वर्ग पुन्हा भरतो. प्रार्थनेच्या वेळी लेकरं बोलतात, तो ऐकतो. त्याच्या आत काय चाललं आहे ते मी विचारत नाही. माझी तगमगही पूर्ण गेलेली नाही. कोणी दुःख सांगायला लागलं की अजून जीभ वळवळते. तेव्हा मी ओठ मिटून ज्येष्ठमधाची काडी चघळतो आणि त्या लिंबाखालच्या चाचांसाठी देवाचे आभार मानतो. विश्वासात वाढणं म्हणजे काय, हे मला नीट सांगता येणार नाही. मी स्वतःहून काही सोडलं नव्हतं. माझ्याकडून काढून घेतलं गेलं, तेही चार दिवसांपुरतं, आणि तेवढ्या रिकाम्या जागेत देवाने किती काय करून घेतलं. आता रोज सकाळी एवढंच मागतो, की ती जागा मी पुन्हा भरून टाकू नये.

परवा पाळकसाहेबांनी कितीतरी दिवसांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी खूप आवरली. माझ्या मते दोन मिनिटांत संपवली. बाहेर येऊन चपला शोधत होतो, तर शेजारी दानियल वाकलेला.

“आवाज आला की तुझा परत,” तो चपलेचा पट्टा लावत म्हणाला. “गेल्ता तेव्हा लई चांगला माणूस होतास.”