नावडत्या गव्हर्नरच्या राज्यात

अमेरिकेतल्या त्या राज्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर काका पुन्हा घरात घेणार नाहीत. विमानतळाबाहेर आलो तर आभाळ एवढं ऐसपैस की अख्खा सातारा जिल्हा त्यात वाळत घालता आला असता. न्यायला काका आले होते. वडिलांचे चुलतभाऊ, निवृत्त हृदयतज्ज्ञ, हयात इथंच गेलेली. हायवे लागायच्या आत त्यांनी गव्हर्नरला (राज्याचा प्रमुख, लोक त्याला थेट निवडतात) शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि घर येईपर्यंत एकही शिवी दुसऱ्यांदा वापरली नाही.

निवडणूक तोंडावर आली होती. न्हाव्याकडे तेच, किराणा दुकानात तेच, मराठी मंडळाच्या फराळात चकली मोडतानाही तेच. कुत्रीसुद्धा त्याच्या प्रचाराच्या पाटीपाशी पाय वर करून जरा जास्त रेंगाळतात, असं मी घरी कळवून टाकलं. आपल्याकडे एवढ्या शिव्यांत ग्रामपंचायत टिकत नाही. "हा पडला," मी जाहीर केलं.

शेजारच्या सुजातामावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या नागपूरच्या, इथल्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचे यजमान मिलिंदराव डायलिसिसवर आहेत. गव्हर्नरने निधी तोडला आणि गावातलं डायलिसिस केंद्र बंद पडलं. आता दिवसाआड पलीकडच्या शहरात जावं लागतं. मावशींना शाळेतून सुट्टी मिळत नाही, म्हणून गाडी काका चालवतात. विरोधातल्या बाई केंद्र पुन्हा उघडते म्हणत होत्या. म्हणून शनिवारी मावशी दारोदार प्रचाराला निघाल्या, आणि पत्रकांची पिशवी धरायला मी.

पहिल्याच घरी हिरवळीतले फवारे अचानक सुरू झाले आणि माझं साग्रसंगीत स्नान झालं. पुढच्या घरी पोर्चवर (ओसरीवर) बसलेल्या आजोबांनी मला टॉवेल दिला, भोपळ्याचा पाय (गोड सारण भरलेली जाड पोळी समजा) खाऊ घातला आणि गव्हर्नरचा असा उद्धार केला की काका शिकाऊ वाटावेत.

"मग मत आमच्या बाईंना ना?" मावशींनी विचारलं.

आजोबांनी बाईंचं नाव विचारून घेतलं. ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पक्ष मात्र बरोबर ओळखला.

"त्या पक्षाला माझ्या बापानेही मत दिलं नाही," ते म्हणाले.

तुमच्याच पक्षातून दुसरा का नाही उभा राहिला, असं मी विचारलं. बसलेल्याला उठवायला पैसा फार लागतो, ते म्हणाले. बरी माणसं खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत बसलीत.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथं मीठ सगळ्यांनाच अळणी लागत होतं, आणि ताटात वाढून मात्र तेच घेत होते.

मतदानाच्या संध्याकाळी काकांकडे टीव्हीसमोर बसलो. माझा चहा निवायच्या आत गव्हर्नर आरामात निवडून आला. मावशी काकांकडे वळल्या.

"काका, तुम्ही कोणाला दिलं?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "हा वाईट आहे हे मला पाठ आहे, सुजाता. ती किती वाईट निघेल कोणाला ठाऊक? सिटिझन झाल्यापासून याच पक्षाला देतोय. आणि एवढे लोक चिडलेले, म्हटलं, पडेलच तो. माझ्या एका मताने काय होतंय? मिलिंदला तर मी नेतोच आहे ना."

"नेता हो," मावशी हळूच म्हणाल्या. "पण तुम्हाला नाही जमलं, तर?"

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे गाडी काढून उभे होते. मावशींनी येऊन त्यांच्या हातात दोघांचा डबा दिला. मिलिंदराव पुढे बसले, मी मागे. त्या हायवेवर पहिल्यांदाच गव्हर्नरला कोणी शिवी दिली नाही.

मी परत गावी आलो. आमच्या कट्ट्यावर आमदाराचा उद्धार चालू होता. "हा पडला," कोणीतरी म्हणालं. मी विचारलं, समोर कोण आहे, आणि तू स्वतः कोणाला देणार? त्याने आणखी एक चहा सांगितला.

काकांचा फोन येतो. हवा सांगतात, मिलिंदरावांची तब्येत सांगतात. गव्हर्नरचं नाव काढत नाहीत. परवा म्हणाले, संध्याकाळी मिलिंदला घेऊन परतताना समोरच्या गाड्यांचे दिवे हल्ली फार डोळ्यांवर येतात.