कोरा रकाना

फौजेत मी ट्रक चालवायचो, आणि माझ्या खिशात तीन पेनं असायची. तपासणी आली की महिनाभराची गाडीची वही एका बैठकीत भरायची. सगळ्या पानांवर एकच शाई दिसू नये म्हणून पेनं तीन. आम्ही कुणी लबाड नव्हतो. पण रोज सकाळी गाडीचे चाळीस रकाने, वर टायरचा तक्ता, स्वच्छतेचा तक्ता, न झालेल्या व्याख्यानाला हजेरीची सही. नाकापेक्षा मोती जड! सगळं खरोखर करत बसलो असतो तर ट्रक दुपारपर्यंत फाटकाबाहेर पडला नसता.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. जे तपासलं नाही, तो रकाना कोरा ठेवला. झालं! खुलासा मागणारी तीन पत्रं आली आणि माझी सुट्टी अडकली. ज्यांच्या हाताखाली मी गाडी शिकलो ते आमचे उस्ताद म्हणजे देवमाणूस. त्यांनीच साहेबांकडे रदबदली करून सुट्टी सोडवली. निघताना म्हणाले, "बेटा, खाना खाली मत छोड़," म्हणजे रकाना कोरा सोडू नकोस. तीन पेनंही त्यांनीच दिली.

निवृत्त होऊन गावी, फुलसावंगीला आलो. आता शाळेची गाडी चालवतो. तांड्यावरची अकरा पोरं, त्यात माझी मुलगी. यंदा शाळेनंही फॉर्म काढला: ब्रेक, दिवे, टायर. मी मनात हसलो. रोज सकाळी बोनेटवर कागद ठेवायचा, एका दमात सगळ्या खुणा करायच्या, सही ठोकायची.

मागच्या आठवड्यात पोरं सोडून हॉर्न दुरुस्तीला मिस्त्रीकडे गेलो. तो सहज खाली वाकला आणि ओरडला, "भाऊ, ब्रेक ऑइल गळून राह्यलं ना! सकाळी पाह्यलं नाही काय?"

'ब्रेक ठीक' असं सकाळी मीच लिहिलं होतं. मुलगी डोळ्यांपुढे आली, आणि स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गाडी तिथंच ठेवून पायी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाई फॉर्म चाळत होत्या. मी तोंड उघडायच्या आत हसून म्हणाल्या, "बाकीच्या दोन गाड्या मी रोज सोता जाऊन पाहतो. तुमची कायले पाहू? फौजी माणसाची सही हाय."

"बाई, पहिले माहीच पाहत जा," मी म्हणालो, आणि त्या दिवशीची सही खोटी असल्याचं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत हे कुणाला सांगायची माझी पहिलीच वेळ होती.